विश्लेषण : बुद्धिबळ स्पर्धेच्या सॉफ्टवेअरला खेळाडूचे रेटिंग कुठून कळते? एक चुकलेला आयडी मुलाचे डाव कसा हरवतो?

भिवंडीतून ठाणे, कल्याण, डोंबिवली किंवा थेट मुंबईत बुद्धिबळाच्या रेटिंग स्पर्धेला मुलाला घेऊन जाणाऱ्या पालकांचा शनिवार-रविवार ठरलेला असतो. सकाळी रिक्षा किंवा एसटी, दुपारी घरचा डबा, संध्याकाळी मोबाइलवर ‘चेस-रिझल्ट्स’ उघडून पुढच्या फेरीची जोडी पाहणे. प्रवेश शुल्क, प्रवास आणि बुडालेली शाळा किंवा कारखान्याचा खाडा धरला तर एक स्पर्धा घराला चांगलीच महाग पडते. एवढे करून मुलाच्या हाती काय यावे, तर एक चार आकडी संख्या. फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे रेटिंग.

ही संख्या पटावर कमावली जाते हे खरेच. पण ती कमावलेली संख्या मुलाच्याच नावावर जमा होते की नाही, हे पटापासून दूर, पंचांच्या टेबलावरील लॅपटॉपमध्ये ठरते. त्या लॅपटॉपवर रेटिंगची यादी कोणती जोडली आहे, कधीची आहे आणि खेळाडू त्या यादीशी कसा जुळवला आहे, या तीन गोष्टींकडे आपल्याकडे फारसे कुणी पाहत नाही. चूक झाली की मात्र महिनाभराने ‘रेटिंग का आले नाही’ असे फोन सुरू होतात.

मुळात रेटिंग म्हणजे काय?

अमेरिकेतील मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे, हंगेरीत जन्मलेले प्राध्यापक अर्पाद एलो यांनी ही पद्धत बसवली. अमेरिकी महासंघाने ती १९६० मध्ये आणि फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. म्हणून आजही अनेक जण रेटिंगला ‘एलो’ म्हणतात.

गणित सोपे आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधील फरकावरून कोणाला किती गुण मिळणे अपेक्षित आहे, ते काढायचे. फरक १०० असेल तर वरच्या खेळाडूकडून एका डावात ०.६४ गुणाची अपेक्षा, २०० असेल तर ०.७६ ची. प्रत्यक्ष गुण आणि अपेक्षित गुण यांच्यातील फरकाला एका गुणकाने गुणायचे. नव्या खेळाडूंसाठी पहिल्या ३० डावांपर्यंत हा गुणक ४० असतो. १८ वर्षांखालील मुलांसाठीही रेटिंग २३०० च्या आत असेपर्यंत तो ४० च राहतो. म्हणजे १६०० च्या मुलीने १७०० च्या खेळाडूला हरवले तर अपेक्षा ०.३६, मिळाला १ गुण, फरक ०.६४ आणि रेटिंगमध्ये वाढ २५.६. एका डावात एवढी वाढ होऊ शकते म्हणूनच तो डाव हिशेबात आला की नाही याला महत्त्व आहे.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

आपल्याकडे बहुतेक खुल्या स्पर्धा ‘स्विस-मॅनेजर’ या ऑस्ट्रियातील हाइन्झ हेरझोग यांच्या प्रोग्रॅमवर चालतात. ‘चेस-रिझल्ट्स’ हे संकेतस्थळही त्यांचेच. त्यामुळे पंचांनी लॅपटॉपवर बटण दाबले की निकाल आणि जोड्या थेट पालकांच्या मोबाइलवर येतात. इटलीतील ‘वेगा’सारखे पर्यायही आहेत. नाव कोणतेही असो, काम तेच: खेळाडूंची क्रमवारी लावणे, स्विस लीग पद्धतीने जोड्या पाडणे, समान गुण असतील तर टायब्रेक काढणे आणि शेवटी फिडेला पाठवायचा अहवाल तयार करणे.

यांपैकी कोणत्याच सॉफ्टवेअरला रेटिंग आपोआप ठाऊक नसते. ते आधी बाहेरून आणून द्यावे लागते. फिडे दर महिन्याच्या १ तारखेला नवी यादी लागू करते. एकेकाळी ही यादी वर्षातून दोनदा निघायची, जुलै २०१२ पासून ती मासिक झाली. ती फिडेच्या संकेतस्थळावर झिप फाइलच्या रूपात मोफत मिळते. पंच ती उतरवून घेतात आणि सॉफ्टवेअरच्या रेटिंग यादीच्या मेनूतून आत घेतात. मग सॉफ्टवेअर त्या लाखो नोंदींतून नाव किंवा आयडी शोधू शकते.

इथपर्यंत सगळे सरळ वाटते. अडचणी यानंतर सुरू होतात.

कोणती यादी उतरवायची?

फिडेच्या डाउनलोड पानावर एक नव्हे, अनेक फाइली असतात. क्लासिकल, रॅपिड आणि ब्लिट्झ अशा वेगवेगळ्या, शिवाय तिन्ही एकत्र असलेली. आणखी एक फरक मात्र पटकन लक्षात येत नाही. काही फाइलींत फक्त रेटिंग मिळालेले खेळाडू असतात. संपूर्ण यादीत, आयडी आहे पण रेटिंग अजून आलेले नाही, असे खेळाडूही असतात.

भिवंडीसारख्या शहरातून नव्याने स्पर्धेत उतरणारी मुले नेमकी या दुसऱ्या गटात मोडतात. एखाद्या मुलाने गेल्या वर्षी एक स्पर्धा खेळली, त्याला फिडे आयडी मिळाला, रेटिंग आले नाही. यंदाच्या स्पर्धेत पंचांनी फक्त रेटिंगवाल्यांची यादी जोडलेली असेल तर त्याचे नाव शोधून सापडतच नाही. टेबलावर समज होतो की मूल नवे आहे. मग स्पर्धेनंतर त्याच्यासाठी नवा आयडी मागितला जातो. एका मुलाचे फिडेच्या दफ्तरी दोन अवतार होतात.

याचा परिणाम पुढच्या नियमात आहे. पहिले रेटिंग मिळण्यासाठी रेटिंग असलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी किमान पाच डाव लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हावेत असे नाही, २६ महिन्यांच्या अवधीत जमले तरी चालते. समजा, मुलाचे जुन्या आयडीवर तीन डाव आणि नव्या आयडीवर तीन डाव झाले. एकूण सहा, म्हणजे पुरेसे. पण फिडेच्या संगणकासाठी ही दोन वेगळी माणसे आहेत आणि दोघांकडेही पाच डाव नाहीत. मुलगा घरी आई-बाबांना ‘मी सहा डाव खेळलो’ असे सांगतो, यादीत मात्र शून्य दिसते. दोन आयडी एकत्र करण्याची सोय आहे, पण ती राष्ट्रीय महासंघामार्फत. पालकाने फिडेला थेट मेल पाठवून हे काम होत नाही.

उपाय म्हटला तर फुकटचा आहे: संपूर्ण यादी उतरवायची. फाइल मोठी असते, हॉलमधल्या मोबाइल हॉटस्पॉटवर ती सकाळी साडेआठला उतरवत बसण्यात अर्थ नाही. आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर हे काम उरकावे.

नाव एक, स्पेलिंगे पाच

यादी बरोबर असली तरी खेळाडू तिच्याशी जुळवायचा असतो. इथे भिवंडीचे उदाहरण मुद्दाम घ्यावे असे आहे. यंत्रमागांच्या या शहरात मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे एकाच गल्लीत राहतात. ‘मोहम्मद’ हे नाव इंग्रजीत लिहिण्याच्या किमान चार-पाच तऱ्हा आहेत आणि कागदपत्रांवर बऱ्याचदा त्याचे दोन-तीन अक्षरी संक्षिप्त रूपच असते. ‘शेख’चे तसेच, ‘चौधरी’चे तसेच. तेलुगू पद्मशाली कुटुंबांत घराण्याचे नाव आधी लिहायचे की नंतर, हे शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरे असू शकते. आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्या पाटील, म्हात्रे, भोईर मंडळींत स्पेलिंगचा प्रश्न नाही, तिथे एकाच नावाची चार मुले असण्याचा प्रश्न आहे.

फिडेच्या यादीचा साचा युरोपीय नावांचा: आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. भारतीय नावे त्यात कशीबशी बसवलेली दिसतात. विश्वविजेता गुकेश यादीत ‘गुकेश डी’ आहे आणि दिव्या देशमुख स्वल्पविरामाशिवाय सरळ ‘दिव्या देशमुख’. नाशिकच्या विदित गुजराथीचे नाव तर अनेक वर्षे ‘विदित, संतोष गुजराथी’ असे होते, म्हणजे यादीच्या हिशेबाने विदित हे आडनाव! ग्रँडमास्टरला अशाने काही फरक पडत नाही, त्याला सगळे ओळखतात. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र पडतो. पंचाने आडनावाच्या रकान्यात ‘गुजराथी’ शोधले आणि यादीत ते नावाच्या रकान्यात असले तर शोध रिकामा परत येतो.

म्हणून नावाने शोधणे हा सगळ्यात कच्चा मार्ग आहे. पक्का मार्ग एकच, फिडे आयडी. विश्वनाथन आनंदचा ५००००१७ हा आयडी कुणाचाही दुसरा असू शकत नाही. प्रवेश अर्जातच हा क्रमांक मागायचा, सॉफ्टवेअरमध्ये आधी क्रमांक टाकायचा आणि नाव, जन्मवर्ष, रेटिंग यादीतून आपोआप भरू द्यायचे. पालकांचा गोंधळ होतो तो दुसऱ्या एका क्रमांकामुळे. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाचा नोंदणी क्रमांक वेगळा आणि फिडे आयडी वेगळा. अर्जात एकाच्या जागी दुसरा लिहिला जाणे ही अगदी रोजची बाब आहे.

एक्सेलने केलेले घोटाळे

हल्ली प्रवेशिका ऑनलाइन फॉर्मवर येतात आणि त्यांची एक्सेल फाइल सॉफ्टवेअरमध्ये एकदम भरता येते. दीडशे नावे हाताने टाकण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. पण एक्सेलचे स्वतःचे दोन जुने खोड आहेत.

पहिले तारखेचे. ०३/०८/२०१४ ही आपल्यासाठी ३ ऑगस्ट. अमेरिकी मांडणीवर ठेवलेल्या संगणकासाठी ती ८ मार्च. वयोगटाची मर्यादा १ जानेवारीला धरली जात असल्याने वर्ष बरोबर असले की बहुतेकदा निभावून जाते, पण चुकीची जन्मतारीख फिडेच्या अहवालात जाऊन बसते. फिडेच्या सार्वजनिक यादीत फक्त जन्मवर्ष असते, त्यामुळे ही चूक तिथे ताडूनही पाहता येत नाही.

दुसरे खोड जास्त घातक. यादी नावानुसार लावताना फक्त नावाचा स्तंभ निवडून क्रम लावला तर नावे हलतात आणि शेजारचे आयडी जागच्या जागी राहतात. प्रत्येक मुलासमोर दुसऱ्याच कुणाचा आयडी येतो. पडद्यावर सगळे नीटनेटके दिसते, एकही रकाना रिकामा नसतो. हे पकडण्याची युक्ती अशी: फाइल भरल्यावर आयडीवरून यादीतले नाव पुन्हा ओढून घ्यायचे आणि अर्जातल्या नावाशेजारी ठेवून पाहायचे. दीडशे नावांना पंधरा मिनिटे पुरतात.

आकडा चुकला तर आणि आयडी चुकला तर

या दोन चुकांत फरक आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे रेटिंग स्पर्धेपुरते काम करते: क्रमवारी, जोड्या, रेटिंग गटाची बक्षिसे. फिडे मात्र नवे रेटिंग काढताना आयडीवरून आपल्याच दफ्तरातला आकडा घेते. म्हणजे आकडा चुकला तर स्पर्धा बिघडते. आयडी चुकला तर कुणाच्या तरी खात्यात कुणाचे तरी डाव जातात.

आकडा चुकल्याने स्पर्धा किती बिघडते? ८० खेळाडूंची स्पर्धा घेऊ. पहिल्या फेरीत वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो: १ विरुद्ध ४१, २ विरुद्ध ४२, असे ४० पट. बाराव्या क्रमांकाच्या खेळाडूचे रेटिंग भरायचे राहिले आणि तो बिनरेटिंगवाल्यांत, ७० व्या क्रमांकावर गेला. मोजून पाहिले तर ४० पैकी २२ जोड्या बदलतात. उरलेल्या १८ जोड्या त्याच राहतात, पण प्रत्येकीचा क्रम एकाने सरकल्याने पांढरी-काळी सोंगटी उलटी होते. म्हणजे एका रिकाम्या रकान्यामुळे हॉलमधला एकही पट जसा लागायला हवा तसा लागत नाही. आणि मधल्या क्रमांकाच्या एखाद्या मुलासमोर ‘अनरेटेड’ म्हणून जो बसतो, तो प्रत्यक्षात बारावा मानांकित असतो.

फिडेचे नियम यात थोडी सवलत देतात. चुकीची माहिती कधीही सुधारता येते, पण खेळाडूंचे क्रमांक नव्याने लावायचे तर ते पहिल्या तीन फेऱ्यांपर्यंतच. चौथ्या फेरीच्या जोड्या पडल्या की क्रमांकाला हात लावता येत नाही. दोन दिवसांच्या रॅपिड स्पर्धेत चौथी फेरी पहिल्याच दुपारी येते. तोवर कुणी बोलले नाही तर विषय संपला.

तीन रेटिंगे, दोन रकाने

एका खेळाडूची क्लासिकल, रॅपिड आणि ब्लिट्झ अशी तीन रेटिंगे असू शकतात आणि त्यांत दोन-दोनशेचा फरक सर्रास असतो. स्पर्धा रॅपिड असेल तर सॉफ्टवेअरला तसे सांगावे लागते, नाहीतर ते क्लासिकलचा आकडा उचलते. रॅपिड रेटिंग नसलेल्याचा कोणता आकडा धरायचा, हे स्पर्धेच्या पत्रकातच लिहिलेले बरे. बक्षीस समारंभात त्यावरून वाद घालण्यात कुणाचेच भले नाही.

स्विस-मॅनेजरमध्ये आणखी एक वळण आहे. तिथे आंतरराष्ट्रीय आणि राष्ट्रीय रेटिंगचे वेगवेगळे रकाने आहेत, कारण जर्मनी-ऑस्ट्रियासारख्या देशांत स्वतःची राष्ट्रीय रेटिंगे चालतात. क्रमवारी कोणत्या रकान्यावरून लावायची, की दोहोंतला मोठा आकडा घ्यायचा, हे निवडता येते. आपल्याकडच्या खुल्या स्पर्धांत राष्ट्रीय रकाना सहसा शून्य असतो. पण मागच्या स्पर्धेची फाइल उघडून त्यातच नवी स्पर्धा भरण्याची सवय अनेकांना आहे. त्या फाइलीत कुणी राष्ट्रीय रकान्यात काही आकडे टाकले असतील आणि ‘मोठा आकडा घ्या’ हा पर्याय चालू असेल, तर क्रमवारी कुठून आली हे शोधता शोधता दुपार होते. नवी स्पर्धा नव्या फाइलीत, हा नियम कंटाळवाणा असला तरी पाळावा.

जुनी यादी वापरली तर एवढे काय बिघडते?

एरवी महिन्याभरात दहा-वीस गुणांचा फरक पडतो, तेवढ्यावर कुणाचे लक्ष जात नाही. १ मार्च २०२४ ला मात्र लाखो रेटिंगे एका रात्रीत बदलली. फिडेने रेटिंगची किमान पातळी १००० वरून १४०० केली आणि २००० खालच्या प्रत्येकाला एकदाच वाढ दिली: २००० पर्यंत जितके अंतर, त्याच्या ४० टक्के. १००० चा खेळाडू १४०० वर गेला, १२०० चा १५२० वर, १५०० चा १७०० वर. त्या आठवड्यात ज्याच्या लॅपटॉपवर फेब्रुवारीची यादी होती, त्याची खालची सगळी क्रमवारी चुकीच्या आकड्यांवर उभी होती.

गोंधळ बक्षिसांतही झाला असता. ‘१६०० च्या आतील’ या गटात जुन्या हिशेबाने १५९९ पर्यंतचे खेळाडू बसत. नव्या हिशेबाने जुने १३३३ च्या आसपासचेच बसतात. ‘१४०० च्या आतील’ गट तर संपलाच, कारण १४०० च्या खाली रेटिंगच उरले नाही. पत्रक जानेवारीत छापलेले आणि स्पर्धा मार्चमध्ये, असे ज्यांचे झाले त्यांना गट नव्याने आखण्याखेरीज मार्ग नव्हता.

गणना मात्र स्पर्धा सुरू झाली त्या दिवशी लागू असलेल्या यादीवरून होते. महिन्याच्या ३० तारखेला सुरू होऊन २ तारखेला संपणाऱ्या स्पर्धेत मध्येच नवी यादी आत ओढण्याचा मोह टाळलेला बरा.

शेवटचा टप्पा : अहवालाची फाइल

स्पर्धा संपली की सॉफ्टवेअर ‘टीआरएफ’ नावाची साधी मजकुराची फाइल तयार करते. ती नोटपॅडमध्येही उघडते. त्यात प्रत्येक खेळाडूची एक ओळ आणि ओळीतल्या प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली. १५ ते ४७ या जागांत नाव, ४९ ते ५२ मध्ये रेटिंग, ५८ ते ६८ मध्ये फिडे आयडी, ७० ते ७९ मध्ये जन्मतारीख, पुढे फेरीगणिक प्रतिस्पर्धी, रंग आणि निकाल. सत्तरच्या दशकातल्या पंचकार्डांची आठवण यावी असा हा साचा आहे, पण त्याचा एक फायदा आहे. फाइल उघडून आयडीच्या स्तंभावरून नजर फिरवली तर रिकाम्या जागा आपोआप डोळ्यात भरतात.

ही फाइल राष्ट्रीय महासंघामार्फत फिडेकडे जाते. ती जाण्यापूर्वी आयडी दुरुस्त करणे हे पंचांचे दोन मिनिटांचे काम असते. गेल्यानंतर तीच दुरुस्ती अर्ज, पुरावा आणि पाठपुरावा मागते.

पालकांच्या हातात त्याआधीची एक संधी असते आणि त्यासाठी सॉफ्टवेअर येण्याची गरज नाही. बहुतेक आयोजक पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी चेस-रिझल्ट्सवर सुरुवातीची क्रमवारी टाकतात. त्यात मुलाच्या नावापुढचा फिडे आयडी दाबला की फिडेचे पान उघडते. त्या पानावर आपलेच नाव, आपलेच जन्मवर्ष आणि स्पर्धेच्या प्रकाराचे रेटिंग आहे का, एवढे तीन तपशील पाहायचे. आयडीची जागा रिकामी असेल आणि मूल पूर्वी कुठेही रेटिंग स्पर्धा खेळले असेल, तर त्या स्पर्धेचे नाव आणि जुना क्रमांक पंचांना त्याच संध्याकाळी कळवावा. सकाळी साडेनऊला टेबलाभोवती गर्दी असते आणि पंचांच्या हातात तेव्हा प्रिंटर असतो.